शाफ्टवरची नळी काढताना

इंजिनाचा पीळ गिअरबॉक्समधून मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. अँबॅसडर, जीप किंवा ट्रक खालून पाहिला तर हा शाफ्ट उघडाच दिसतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत क्रॉस, असतात. 1954 पर्यंतच्या शेवरलेट मोटारीखाली मात्र शाफ्ट दिसतच नाही. तिथे गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत गेलेली एक जाड पोलादी नळी दिसते. ती स्वतः फिरत नाही, शाफ्ट तिच्या पोटात फिरतो. या नळीला टॉर्क ट्यूब म्हणतात. ती काढून उघडा शाफ्ट बसवणे हे जुन्या अमेरिकन गाड्यांवर होणाऱ्या मोठ्या बदलांपैकी एक आहे.

नळी पाहून ती शाफ्टवरचे झाकण आहे असे वाटते, आणि या कामातल्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात. नळी मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला बोल्टांनी घट्ट बांधलेली असते. तिचे पुढचे टोक गिअरबॉक्सच्या मागे एका पोकळ गोलात बसते, आणि तिथेच आतल्या शाफ्टचा एकुलता एक क्रॉस असतो. मागची चाके रस्त्याला रेटतात तेव्हा गाडीला पुढे ढकलणारा जोर याच नळीतून गिअरबॉक्सकडे, तिथून क्लच हाउसिंगच्या माउंटिंगकडे आणि मग चॅसीकडे जातो. नळीचे दुसरे काम याहून कठीण. चाके पुढे फिरतात तेव्हा अ‍ॅक्सलचे हाउसिंग उलट्या दिशेने फिरू पाहते, त्याचे नाक वर उचलले जाते. ते दाबून धरते ती नळी.

हा जोर किती असतो? 1950 च्या शेवरलेटचे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन सुमारे 240 न्यूटन-मीटर पीळ देते. पहिल्या गिअरचे प्रमाण 2.94 आणि मागच्या अ‍ॅक्सलचे 4.11 धरले तर चाकांपाशी तो बारापट होतो, म्हणजे जवळपास 2,900 न्यूटन-मीटर. नळी दीड मीटर लांब मानली, तर तिचे पुढचे टोक सुमारे दोनशे किलो वजनाइतक्या जोराने वर उचलले जाते. नळी काढली तरी हा जोर नाहीसा होत नाही. तो कुणीतरी पेलायलाच हवा.

उघड्या शाफ्टच्या सर्वांत सोप्या रचनेत तो पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, पेलतात. हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत दोन लांब पाटे गाडीचे वजनही घेतात, अ‍ॅक्सलचा रेटाही चॅसीला देतात आणि हाउसिंगचा उलटा पीळही सोसतात. फोर्डने 1908 च्या मॉडेल टीपासून 1948 पर्यंत नळी वापरली आणि 1949 च्या मॉडेलपासून सोडली. शेवरलेटने 1955 मध्ये, ब्यूकने 1961 मध्ये सोडली. रॅम्बलर गाड्यांत ती 1966 पर्यंत टिकली. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत शिवडीच्या कारखान्यात गाड्या जोडल्या, त्यामुळे नळीवाल्या शेवरलेट इकडच्या मिस्त्रींच्या हाताखालून पुष्कळ गेल्या. त्याच शहरात कुर्ल्याला प्रीमियरने जोडलेल्या डॉज आणि प्लिमथ मात्र उघड्या शाफ्टच्या होत्या.

नळी काढावीशी वाटण्याचे पहिले कारण वेग. 4.11 च्या अ‍ॅक्सलवर ताशी 90 किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण 2,800 फेरे घेते. जुन्या, लांब स्ट्रोकच्या इंजिनाला हे तासन्‌तास सोसवत नाही. अ‍ॅक्सल 3.55 चा असेल तर फेरे 2,400 च्या आसपास येतात, आणि वर ओव्हरड्राइव्हचा पाचवा गिअर मिळाला तर इंजिन आणखी निवांत चालते. पण नळीचा गोल जुन्या गिअरबॉक्सच्याच शेपटीवर बसतो, म्हणून नवा गिअरबॉक्स लावायचा तर नळी जावीच लागते. दुसरे कारण देखभाल. शेवरलेटमध्ये आतला क्रॉस गिअरबॉक्सच्याच तेलात भिजतो. नळीतला बुश आणि सील झिजले की ते तेल मागे डिफरेन्शियलमध्ये उतरते आणि शेवटी ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचते. जुन्या फोर्डमध्ये तर क्लच प्लेट बदलायलाही अख्खा मागचा अ‍ॅक्सल मागे सरकवावा लागतो.

तरीही बदल हा एकच उपाय नव्हे. शेवरलेटने 1950 ते 1954 या काळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांना 3.55 चा क्राउन-पिनियन दिला होता. तो मिळाला तर नळी ठेवूनही इंजिनाचे फेरे कमी होतात. गाडी अस्सल स्थितीत असेल तर हाच मार्ग आधी धरावा. भारतात त्याला आणखी एक कारण आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून नवे भाग चॅसीवर शक्यतो वेल्डिंग न करता बोल्टांनी बसवावेत आणि काढलेली नळी, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स सगळे जपून ठेवावे.

काम ठरलेच, तर सुरुवात मागच्या अ‍ॅक्सलपासून होते. जुने हाउसिंग नळीसाठीच घडवलेले असल्याने सहसा पुढच्या काळातल्या गाडीचा संपूर्ण अ‍ॅक्सल घेतात. त्याची रुंदी मडगार्डांत बसणारी हवी आणि चाकांच्या बोल्टांचे वर्तुळ जुळायला हवे. 1949 ते 1954 च्या शेवरलेटमध्ये हे वर्तुळ 120.65 मिलिमीटरचे, पाच बोल्टांचे आहे. शेवरलेटच्याच एस-10 पिकअपचेही तेच, म्हणून तिचा अ‍ॅक्सल लोकप्रिय आहे. तिचा पाच गिअरचा बॉक्सही अ‍ॅडॅप्टर लावून जुन्या क्लच हाउसिंगला जोडतात. मात्र जुना गिअरबॉक्स मागून अधांतरी असतो. नव्या लांब बॉक्सच्या शेपटीला आधार द्यायला चॅसीत क्रॉस मेंबर टाकावा लागतो.

पाट्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. नळीच्या गाडीतले पाटे वजन पेलण्यासाठी केलेले, मऊ असतात. आता त्यांच्यावर रेटा आणि पीळ दोन्ही येतात. ते थकलेले असतील तर क्लच सोडताच इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात आणि अ‍ॅक्सल नाचू लागतो. नवे पाटे, पुढच्या अर्ध्या भागात एखादा जादा आखूड पाटा, किंवा पीळ रोखणारे दांडे यांनी हे थांबते. फोर्डमध्ये काम याहून अवघड आहे. तिथे मागे गाडीच्या आडवा एकच पाटा असतो. तो रेटा घेऊ शकत नाही, म्हणून दोन समांतर पाटे किंवा लांब दांड्यांची जोडणी नव्याने करावी लागते. स्पीडोमीटरचा गिअरही फोर्डच्या नळीतच असतो, तो नळीबरोबर जातो. ब्यूकला मागे कॉइल स्प्रिंग असल्याने तिथेही दांडे अटळ.

यानंतर कोन. एकच क्रॉस वाकलेल्या स्थितीत फिरला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असूनही मागचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. तीन अंशांच्या कोनात हा फरक सव्वासातशे भागांत एक इतका नगण्य असतो. दहा अंशांवर दीड टक्का होतो आणि गाडी थरथरते. दोन क्रॉस असले की दुसरा पहिल्याची चूक पुसतो, पण दोन्ही कोन सारखे असतील आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे यॉक एका रेषेत असतील तरच. म्हणून गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची रेषा समांतर ठेवतात. पाटे जोराखाली वळले की पिनियनचे नाक वर उचलले जाते, म्हणून ते नाक उभ्या गाडीत एक-दोन अंश खाली झुकवतात. कोन अगदी शून्यही नको. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया हलल्या नाहीत तर एकाच जागी रुततात.

हे सगळे माप गाडीचे वजन चाकांवर असतानाच घ्यावे. जॅकवर टांगलेल्या गाडीत अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि सगळे आकडे चुकतात. अ‍ॅक्सलवरच्या पाट्यांच्या गाद्या आधी नुसत्या टाक्यांनी धराव्यात, कोन जुळल्यावरच पक्के वेल्डिंग करावे. शाफ्टची लांबी सर्वांत शेवटी ठरते. खड्ड्यात अ‍ॅक्सल वर-खाली होताना अंतर बदलते, म्हणून पुढचा यॉक गिअरबॉक्सच्या स्प्लाइनवर सरकता असतो. तो पूर्ण आत ढकलून मग सुमारे 25 मिलिमीटर बाहेर ओढून माप घेतात. शाफ्ट तयार झाला की मशीनवर बॅलन्स करून घ्यावा. पुढच्या क्रॉसजवळ चॅसीला एक जाड पट्टीचे कडे बांधावे. क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यात रुतून गाडी उलथू नये यासाठी ते असते.

हँडब्रेकच्या केबल आणि ब्रेकचे पाइप नव्या अ‍ॅक्सलप्रमाणे बदलावे लागतात. पहिल्या फेरीत ताशी 50 ते 80 दरम्यान थरथर जाणवली तर आधी कोन पुन्हा मोजावेत, मग बॅलन्सकडे वळावे. काही शे किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नव्या गाद्यांवर पाटे बसताना ते हमखास सैल होतात.