सांतियागोचे लाल टी-शर्ट

कृष्णधवल चित्रात लाल रंग करडा दिसतो. १८ डिसेंबर १९७६ रोजी चिलीची राजधानी सांतियागो इथं डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीतला दुहेरीचा सामना होता. इटलीची अड्रियानो पनाट्टा आणि पाओलो बर्तोलुच्ची ही जोडी मैदानात उतरली ती नेहमीच्या निळ्या नव्हे, लाल टी-शर्टमध्ये. देशावर जनरल पिनोशेची लष्करी राजवट होती आणि तिथं लाल हा विरोधकांचा रंग होता. इटलीत रंगीत दूरचित्रवाणीचं नियमित प्रक्षेपण सुरू व्हायला मात्र अजून दीड महिना बाकी होता. आपल्या पोरांनी तिकडे काय केलं, हे मायदेशी फारसं कुणाच्या लक्षातच आलं नाही. इटलीनं पहिल्यांदा डेव्हिस चषक जिंकला त्या विजयाची ही कथा आहे, आणि टेनिसच्या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटणारी हीच.

डेव्हिस चषक १९०० साली अमेरिका आणि ब्रिटन या दोघांत सुरू झाला. टेनिसपटू वर्षभर स्वतःपुरता खेळतो. इथं मात्र तो देशाचा होतो. पंच गुण पुकारतात तेही खेळाडूच्या नव्हे, देशाच्या नावानं. त्या काळी एक लढत तीन दिवस चाले. पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी, तिसऱ्या दिवशी परतीच्या दोन एकेरी. प्रत्येक सामना पाच सेटचा, आणि अंतिम लढतही दोहोंपैकी एकाच्या घरच्या मैदानावर. १९७६ साली ते घर चिलीचं होतं.

इटलीचा संघ चौघांचा. पनाट्टा हा त्यातला राजबिंडा नायक, पण तो श्रीमंताघरचा नव्हता. रोममधल्या पारिओली टेनिस क्लबची देखभाल त्याचे वडील करत. आपल्याकडच्या जिमखान्यांतून मार्करची मुलं जशी कोर्टाच्या कडेला वाढतात, तसाच हा वाढला. १९७६ हे त्याचं वर्ष. रोमच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत ऑस्ट्रेलियाच्या किम वॉरविकविरुद्ध त्यानं ११ मॅच पॉइंट वाचवले आणि पुढे स्पर्धाच जिंकली. लगेच पॅरिसमध्ये फ्रेंच स्पर्धाही जिंकली, वाटेत बियाँ बोर्गला हरवून. बोर्ग फ्रेंच स्पर्धेत आयुष्यात दोनदाच हरला, आणि दोन्ही वेळा समोर पनाट्टा होता. त्याचा जुना मित्र बर्तोलुच्ची हा टेनिस शिकवणाऱ्या बापाचा मुलगा, मनगटात जादू असलेला. कोर्राडो बाराझ्झुत्ती काटक, चिवट; त्याला ‘छोटा शिपाई’ म्हणत. चौथा टोनिनो झुगारेल्ली. अंतिम लढतीत त्याला निकाल लागल्यानंतरचा एकच सामना मिळाला. पण विम्बल्डनच्या हिरवळीवर ब्रिटनच्या रॉजर टेलरला त्यानंच हरवलं होतं आणि तिथूनच संघाची पुढची वाट मोकळी झाली. उपांत्य लढतीत रोममध्ये ऑस्ट्रेलियाशी २–२ अशी बरोबरी झाली, तेव्हा निर्णायक सामन्यात पनाट्टानं जॉन न्यूकम्बला नमवलं. न खेळणारा कर्णधार होता निकोला पिएत्रांजेली. डेव्हिस चषकात १६४ सामने खेळून १२० जिंकण्याचा विक्रम त्याच्या नावावर. १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षं तो ऑस्ट्रेलियात जाऊन अंतिम लढत हरून आला होता.

आता चिलीकडे वळू. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करानं अध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे यांचं सरकार उलथलं. त्यानंतरच्या आठवड्यांत सांतियागोचं राष्ट्रीय स्टेडियम हेच तुरुंग झालं. हजारो माणसं तिथं डांबली गेली, अनेकांचा छळ झाला, काही मारली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथं विश्वचषक फुटबॉलच्या पात्रता फेरीचा सामना होता. सोव्हिएत संघानं येण्यास नकार दिला. चिलीचे खेळाडू एकटेच मैदानात आले, त्यांनी रिकाम्या गोलमध्ये चेंडू मारला आणि ते विजयी ठरले. १९७५ साली स्वीडनमधल्या बोस्टाड गावी चिलीविरुद्धची टेनिसची उपांत्य लढत हजारोंच्या निदर्शनांमुळे पोलीस पहाऱ्यात खेळवावी लागली. पुढच्या वर्षी उपांत्य लढतीत पुन्हा सोव्हिएत संघ समोर आला आणि पुन्हा त्यानं नकार दिला. चिली न खेळताच अंतिम फेरीत पोहोचला. अंतिम लढतीचं कोर्ट होतं त्याच राष्ट्रीय स्टेडियमच्या आवारात.

इटलीत रान पेटलं. जायचं की नाही? ‘जल्लाद पिनोशेबरोबर व्हॉली खेळायची नसते’ अशा अर्थाच्या घोषणा रस्त्यांवर घुमू लागल्या. डाव्या पक्षांचा जोर मोठा होता. पंतप्रधान आन्द्रेओत्तींच्या सरकारनं निर्णय स्वतःवर न घेता क्रीडा संघटनेकडे सोपवला. पिएत्रांजेलीनं मात्र ठाम बाजू घेतली. तो दूरचित्रवाणीवर बोलला, लोकांशी भांडला, त्याला धमक्याही आल्या. त्याचा मुद्दा सरळ होता: आपण गेलो नाही तर चषक आपोआप पिनोशेच्या पदरात पडेल. चिलीतल्या भूमिगत कम्युनिस्टांकडूनही इटलीच्या कम्युनिस्ट नेत्यांना असाच निरोप आला, असं नंतर सांगितलं गेलं. शेवटी संघ निघाला.

इथं आपली आठवण होते. दोनच वर्षांपूर्वी, १९७४ साली, पुण्यात सोव्हिएत संघाला ३–१ असं हरवून भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. पण समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आली. भारतानं खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला गेला. त्याच दक्षिण आफ्रिकेनं उपांत्य लढतीत ज्यांना हरवलं होतं, तो संघ होता इटलीचा. भारत थांबला, इटली चिलीला गेला. यात बरोबर कोण, असा वाद आजही रंगतो. माझं मत स्पष्ट आहे. दोघंही बरोबर होते. दक्षिण आफ्रिकेत अन्याय खुद्द मैदानावर शिरला होता. माणसानं कुणाबरोबर खेळायचं हे तिथं कातडीचा रंग ठरवत होता. तिथं खेळायला जाणं म्हणजे तो नियम मान्य करणं. चिलीचे खेळाडू राजवटीनं रंग पाहून निवडलेले नव्हते. आणि न जाण्याचा फायदा थेट हुकूमशहाला मिळणार होता.

१७ डिसेंबरला खेळ सुरू झाला. मैदान लाल मातीचं, म्हणजे इटालियनांच्या सवयीचं. बाराझ्झुत्तीनं चिलीचा अव्वल खेळाडू हायमे फिल्योल याला ७–५, ४–६, ७–५, ६–१ असं हरवलं. ही खरी कलाटणी. घरच्या लोकांसमोर फिल्योलनं हा सामना काढला असता, तर पुढचे दोन दिवस फार निराळे गेले असते. पनाट्टानं पात्रिसिओ कोर्नेहोला ६–३, ६–१, ६–३ असं सहज गुंडाळलं. दोन–शून्य.

दुसऱ्या दिवशी ते टी-शर्ट आले. कल्पना पनाट्टाची. बर्तोलुच्ची आधी कचरला. हे करायचं म्हणजे वेडेपणा आहे, हे त्याला कळत होतं. पण मित्रासाठी तयार झाला. पहारा देणारं लष्कर त्याच राजवटीचं, आणि अंगात तोच नकोसा रंग. माझ्या डोळ्यांसमोर कायम येतो तो पहिला सेट. ३–६ असा तो गेला. अंगात निषेधाचा टी-शर्ट घालून हरणं किती कठीण असतं! हरलं तर निषेधाचंही हसं होतं. दुसरा सेट ६–२. तिसरा ताणला गेला. त्या लढतीत टायब्रेक नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. तो ९–७ असा आला. चौथा ६–३. तीन–शून्य, आणि चषक इटलीचा. तिसऱ्या दिवसानंतर अंतिम आकडा ४–१ असा लागला.

त्याच १८ डिसेंबरला, हजारो मैलांवर झुरिचच्या विमानतळावर, चिलीचे तुरुंगात असलेले कम्युनिस्ट नेते लुईस कोर्वालान यांची सुटका झाली. त्यांच्या बदल्यात सोव्हिएत संघानं आपला कैदी व्लादिमिर बुकोव्स्की याला सोडलं. एकाच दिवशी घडलेल्या या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण त्या काळाचा ताण त्यातून कळतो.

संघ मायदेशी परतला तेव्हा जंगी मिरवणूक निघाली नाही. पहिलाच डेव्हिस चषक, आणि देश तो खुलेपणानं मिरवायलाही अवघडलेला. पुढे खेळाडू आणि पिएत्रांजेली यांच्यात बिनसलं आणि त्याचं कर्णधारपद गेलं. १९७७, १९७९, १९८० आणि १९९८ अशा चार अंतिम लढती इटली हरला. दुसरा चषक मिळायला ४७ वर्षं लागली. २०२३ साली मालागात सर्बियाविरुद्धच्या उपांत्य लढतीत यानिक सिन्नरनं नोव्हाक जोकोविचविरुद्ध सलग तीन मॅच पॉइंट वाचवले आणि दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाला हरवून इटलीनं चषक उचलला. २०२४ साली पुन्हा मालागात, २०२५ साली बोलोन्यात, तेही सिन्नर नसताना. आता अंतिम टप्प्यातली लढत दोन एकेरी आणि एका दुहेरीत, एकाच दिवसात संपते. खेळ वेगवान झाला, खेळाडू अधिक ताकदीचे झाले, आणि या तिन्ही विजयांचं कौतुक मला मनापासून आहे.

लाल टी-शर्टची गोष्ट सर्वतोमुखी व्हायला मिम्मो कालोप्रेस्ती यांचा २००९ सालचा माहितीपट यावा लागला. २०२२ साली दोमेनिको प्रोकाच्ची यांनी ‘उना स्क्वाद्रा’, म्हणजे ‘एक संघ’, ही सहा भागांची मालिका केली. त्यात ते चौघे आणि पिएत्रांजेली म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर बसून मोकळेपणानं बोलतात, जुनी भांडणंही लपवत नाहीत. टेनिस आवडत असेल तर ती मालिका मिळवून जरूर पाहा. आणि टेनिसमध्ये गोडी नसेल, तरीही पाहा.