कोरेज्माचे चाळीस दिवस

माघ सरत आला, की एखाद्या बुधवारी आमच्या वर्गातील ख्रिस्ती विद्यार्थी कपाळावर राखेचा लहानसा क्रूस घेऊन शाळेत येतात. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी वडीलधारी मंडळी पूजेनंतर भस्माचे पट्टे ओढतात. त्यामुळे कपाळावरील राख आम्हांस अपरिचित आहे असे नाही. परंतु ही राख कसली, ती नेमकी आजच का लावली, आणि आदल्या दिवसापर्यंत इंत्रूजाच्या, म्हणजे कार्निव्हालच्या, धामधुमीत दंग असलेली ही मुले आज एकाएकी अशी गंभीर का झाली, या प्रश्नांची उत्तरे आम्हांपैकी कोणासच देता येईनात. खुद्द त्या मुलांनाही अर्धेमुर्धेच सांगता आले. शेजारच्या घरातील व्रताविषयी आपण किती थोडे जाणतो, हे त्या वेळी आमच्या ध्यानी आले. आणि मग आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून, थोडे वाचून आणि थोडे इगर्जेच्या दारात उभे राहून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहो.

या व्रतास गोव्यात ‘कोरेज्म’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेतील ‘क्वारेज्मा’ या शब्दाचे हे कोंकणी रूप असून त्याच्या मुळाशी ‘चाळिसावा’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. वसईकडील मराठी ख्रिस्ती बांधव यालाच उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. प्रभू येशूने आपल्या कार्यास आरंभ करण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, अशी शुभवर्तमानातील कथा आहे. तिचे हे अनुसरण होय. कोणी पंचांग पुढे घेऊन मोजू लागेल तर त्यास राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत शेहेचाळीस दिवस भरतील. मग चाळीस कसे? तर मधले सहा रविवार उपवासाचे धरीत नाहीत. रविवार हा पुनरुत्थानाचा वार, आणि त्या दिवशी शोक करावयाचा नाही, हा नियम व्रताहूनही जुना आहे.

हे व्रत दर वर्षी निराळ्या तारखेस का येते, याचा उलगडा मात्र आम्हांस फार गमतीचा वाटला. ख्रिस्ती लोकांचे बहुतेक सण इंग्रजी तारखेने येतात, परंतु ईस्टर चंद्रावर चालतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरावयाची, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार तो ईस्टर, असे ख्रिस्तमंडळाचे गणित आहे. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. ती पौर्णिमा पुष्कळदा आपली होळीची किंवा हनुमानजयंतीची असते. २०२४ साली २५ मार्च रोजी होळीपौर्णिमा झाली आणि ३१ मार्चला ईस्टर आला. २०२३ साली हनुमानजयंती ६ एप्रिलची होती व ईस्टर ९ एप्रिलचा. तेव्हा एका वाड्यावर शिगम्याचे ढोल घुमत असतात, आणि पलीकडच्या वाड्यावर लग्नकार्येसुद्धा बंद ठेवून लोक शांत बसलेले असतात, हे दृश्य गोव्यात नवलाचे नाही. दोन्हींमागे चंद्र एकच.

आता राखेविषयी. ती कोठल्याही चुलीतली नसते. ईस्टरपूर्वीच्या रविवारी, ज्यास झावळ्यांचा रविवार म्हणतात, इगर्जेत आशीर्वादित केलेल्या झावळ्या लोक घरी नेतात. आपल्याकडे नारळाच्या कोवळ्या पात्या विणून त्यांचे सुबक क्रूस करतात आणि ते देवाच्या चित्रामागे वर्षभर खोवून ठेवतात. पुढील वर्षी हेच वाळलेले क्रूस इगर्जेत परत येतात, त्यांची राख होते, आणि ती कपाळी लावताना धर्मगुरू मनुष्य मातीचा आहे व मातीसच मिळणार आहे याचे स्मरण देतात, किंवा पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर श्रद्धा ठेवावी असे सांगतात. ज्या झावळीने जयजयकार केला तिचीच राख व्हावी, यात जी कल्पकता आहे ती आम्हांस कोणत्याही प्रवचनाहून अधिक बोलकी वाटते.

परंतु याच दिवशी एक कोडेही उभे राहते. राखेच्या बुधवारी जे शुभवर्तमान वाचतात त्यात उपवास करणाऱ्यास स्पष्ट आज्ञा आहे, की तोंड धुवावे, डोक्यास तेल लावावे आणि आपण उपाशी आहो हे लोकांस दिसू देऊ नये. आणि हे ऐकून झाल्यावर लोक कपाळावर राख लावून बाहेर पडतात! आमच्या एका वर्गमित्राने पहिल्या तासापूर्वीच नळावर जाऊन ती खूण पुसून टाकली. दुसऱ्याने शाळा सुटेपर्यंत ती तशीच ठेवली. दोघांत खरा कोण, असा वाद मधल्या सुट्टीत रंगला. पहिला म्हणे, “वाचले ते पाळले.” दुसरा म्हणे, “मी काय लपवायचे?” आम्हांस दोघांचेही पटले.

उपवासाच्या नियमांसंबंधी आमची कल्पना फार कडक होती. वास्तविक पूर्वी तो कडकच असे. कोरेज्मातील रविवार वगळता दररोज एकच पूर्ण जेवण घ्यावे, आणि ठरावीक दिवशी मांस वर्ज्य करावे, असा दंडक होता. त्याही आधीच्या शतकांत अंडी व दूधदुभतेदेखील चालत नसे. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी नवे नियम घालून दिले. तेव्हापासून उपवास बंधनकारक असा दोनच दिवस उरला: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, ज्यास कोंकणीत ‘निमाणो सुक्रार’ म्हणतात. त्या दिवशी एक पूर्ण जेवण व दोन वेळा थोडा फराळ चालतो. शुक्रवारी मांस वर्ज्य. हा मांसाचा नियम चौदा वर्षे पुरी झालेल्यांना, आणि उपवासाचा नियम अठरा पुरी झालेल्यांपासून एकोणसाठ पुरी होईपर्यंतच्यांना लागू आहे. म्हणजे आमच्या वर्गाला उपवास बंधनकारक नाहीच. तरीही कित्येक जण डबा आणीत नाहीत, आणि आणलाच तर तो मुद्दाम साधा असतो.

येथे एक मौजेची अडचण सांगितली पाहिजे. मांस वर्ज्य असले तरी मासे वर्ज्य नाहीत. युरोपात जेव्हा हा नियम झाला तेव्हा मांस हे सणासुदीचे अन्न व मासे हे गरिबाचे, असा तेथील हिशेब असावा. पण गोमंतकीय माणसाच्या दृष्टीने हा नियम अगदीच उलटा पडतो! ज्याच्या पानात बांगडा आणि सुंगटांची कढी आली की दुसरे काही नको, त्याला शुक्रवारी मांस सोडावयास सांगणे म्हणजे आम्हांस एकादशीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि रताळ्याचा कीस देण्यासारखेच झाले. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्याही घरी वाया गेलेली नाही. हे जाणत्या ख्रिस्ती कुटुंबांना ठाऊक आहे, आणि म्हणून जुनी माणसे उत्तम शुक्रवारी मासळीचे नावही न काढता पेज आणि कैरीचे लोणचे एवढ्यावर दिवस काढतात. नियमाने मागितले नाही ते त्यांनी आपण होऊन दिले. आमच्या मते व्रत येथे सुरू होते.

कायदा सैल झाला तेव्हा त्याच्याबरोबर व्रतही सैल होईल अशी भीती कित्येकांना वाटली असेल, आणि ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी आम्हांस हताश होऊन सांगितले, की त्यांच्या लहानपणी कोरेज्मात घरात कोणी व्हायोलिनवर मांडोचा सूर काढला तर आजी काठी घेऊन येत असे, आणि आता शेजारी रात्री अकरापर्यंत दूरचित्रवाणी चालू असते. पण त्याच बाई दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने करावयास जातात, आणि तेथे तरुण मुलेही पुष्कळ असतात हेही त्यांनीच सांगितले. अलीकडच्या वर्षांत याच काळात सांकवाळ येथील संत जुझे वाझ यांच्या तीर्थस्थानाकडे पायी यात्रा निघू लागली आहे. पंढरीची वारी पाहिलेल्यास ती परकी वाटणार नाही.

आणि येथेच आम्हांस हे लक्षात आले, की ज्यास आपण उपवास म्हणून ओळखतो तो या व्रताचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा एकट्याने करता येतच नाही. त्यास अवघी फिर्गज, म्हणजे एका इगर्जेखालचा सारा गाव, लागते. कोरेज्मात पाद्रीचा झगा जांभळा होतो, वेदीवरची फुले नाहीशी होतात, ‘आलेलुया’ हा हर्षाचा शब्द प्रार्थनेतून गळतो. जुन्या इगर्जांतून या काळात ‘सांतुस पासुस’ होतात. म्हणजे प्रवचनानंतर वेदीवरचा पडदा सरकतो आणि येशूच्या दुःखभोगाचा एखादा प्रसंग मूर्तींच्या रूपाने समोर उभा राहतो. त्या क्षणी वाद्यांच्या साथीने मोतेत गातात. मोतेत म्हणजे लॅटिन पवित्र वचनांची अनेक आवाजांत बांधलेली शोकगीते. दोन व्हायोलिने, क्लॅरिनेट व एक भले मोठे खर्जातले तंतुवाद्य एवढाच संच. या चाली युरोपातून आलेल्या नव्हेत. पुष्कळशा गोव्यातल्याच मेस्तांनी, म्हणजे गायनशिक्षकांनी, रचल्या आणि त्यांच्या हस्तलिखित वह्या हातोहात पुढे आल्या.

या मेस्तांच्या शाळांचे ऋण केवळ ख्रिस्ती समाजावर नाही. इगर्जेला जोडलेल्या शाळेत मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत असत, ते कोरेज्मात व सणावारी गाता-वाजवता यावे म्हणून. तेथून निघालेली मुले पुढे मुंबईस गेली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. प्रसिद्ध वादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील माजोर्डे येथील इगर्जेत गायनमास्तर होते. ज्या गाण्यांवर अवघा देश डोलला, त्यांच्या साथीमागे कोठे तरी या चाळीस दिवसांची तालीम आहे.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पुराणांच्या ठिकाणी काही तरी हवे होते, आणि इगर्जेत जमलेल्या लोकांपुढे ते वाचले जाई. त्यातील दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र आले आहे, अर्थात त्याचा दुःखभोगही. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापला असल्याने मराठी वाचकांना तो दीर्घ काळ दुरावलेला राहिला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो पुण्याहून देवनागरीत आणला. आपण पाठ्यपुस्तकात त्यातील मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या वाचतो आणि तेथेच थांबतो. परंतु तो ग्रंथ भाषेच्या स्तुतीकरता लिहिलेला नव्हता. क्रूसाखाली उभ्या असलेल्या आईचे दुःख येथल्या माणसांना ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत ऐकू यावे, यासाठी तो होता.

पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्ह्यास संतांची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन तृतीय संघाची ही प्रथा. संतांच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ती खांद्यांवर घेऊन लोक संत आंद्रे यांच्या इगर्जेभोवतीच्या वाटांनी फिरतात. १८३४ च्या पोर्तुगीज फर्मानाने धर्मसंघ बंद पडले तेव्हा ही प्रथाही खंडित झाली व कित्येक मूर्ती गेल्या; पुढे लोकांनी ती पुन्हा सुरू केली. या मिरवणुकीस हिंदूही मोठ्या संख्येने येतात, आणि भोवती जी फेरी भरते तीत खाजे नि चणे घेणाऱ्यांत आम्हीही असतो, हे कबूल करावयास हरकत नाही.

शेवटचा आठवडा सर्वांत जड. गुरुवारी सायंकाळी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. २०१६ सालापासून त्यांत स्त्रियाही असू शकतात. त्याच प्रार्थनेत एकदा घंटा वाजते, आणि तेथून ती गप्प होते. आमच्या गावात हे कळावयास इगर्जेत जावे लागत नाही. दुपारी बारा आणि सायंकाळी दिवेलागणीला ज्या घंटेवर आमच्या घरातील हिंदू माणसेही वेळ ओळखतात, ती वाजत नाही, आणि आई सहज म्हणून जाते, “अजून बारा झाले नाहीत वाटते?” घंटेऐवजी ‘मात्राक’ फिरवितात. लाकडी फळीवर लोखंडी कडी आपटणारे ते साधन कोरडा, खडखडणारा आवाज करते. शुक्रवारी जगात कोठेही मिस्सा होत नाही. येशूची मूर्ती क्रूसावरून उतरवून पालखीसारख्या पेटीत ठेवतात व तिची अंत्ययात्रा निघते. वाटेत वेरोनिकेच्या वेषातील एक मुलगी उंचावर चढून येशूच्या मुखाची छाप असलेले वस्त्र हळूहळू उलगडते आणि एकटीच गाते. त्या वेळी हजार माणसांच्या गर्दीत चप्पल सरकल्याचाही आवाज येत नाही. आम्ही दर वर्षी कुंपणाशी उभे राहून ते ऐकतो. शब्द लॅटिन असल्याने आम्हांस समजत नाहीत; आमच्या शेजारी उभ्या असलेल्या ख्रिस्ती आजींनाही ते समजत नाहीत, असे त्यांनीच सांगितले, आणि डोळे पुसले.

मग शनिवारची रात्र. इगर्जेतले सगळे दिवे मालवितात, अंगणात नवा अग्नी पेटवितात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातील मेणबत्ती. बऱ्याच वेळाने, आम्ही अंथरुणावर अर्धवट झोपेत असताना, दोन दिवस मुकी असलेली घंटा एकदम आणि खूप वेळ वाजत राहते.