नोकरीचा शोध, लेखांक ६ : कंपनीला सांगावेच लागते ते

नोकरी देणाऱ्या कंपनीविषयीची माहिती उमेदवारापर्यंत दोन वाटांनी पोहोचते : एक, कंपनी आपण होऊन सांगते ती, आणि दुसरी, कायद्यामुळे तिला सांगावीच लागते ती. बहुतेक उमेदवार पहिल्या वाटेवरच थांबतात. दुसऱ्या प्रकारची कागदपत्रे दुर्मीळ असतात असे नाही, ती रूक्ष असतात इतकेच.

कंपनीच्या लेटरहेडवर २१ अक्षरांकांचा ओळख क्रमांक, म्हणजे सीआयएन, छापलेला असतो. त्याचे पहिले अक्षर ‘एल’ असल्यास कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असते, ‘यू’ असल्यास नसते, आणि पुढे उद्योगाचा संकेतांक, राज्याची दोन अक्षरे व स्थापनेचे वर्ष येते. ‘तीन दशकांची परंपरा’ मिरवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात २०१९ हे वर्ष दिसले, तर जुन्या भागीदारी पेढीचे कंपनीत रूपांतर झाले की परंपरा केवळ माहितीपत्रकातलीच, हे विचारून घ्यावे. राज्याची अक्षरे मात्र नोंदणीकृत कार्यालयाची असतात. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या इन्फोसिसच्या क्रमांकात आज कर्नाटकाची अक्षरे आहेत, ती कार्यालय तिकडे हलल्यामुळे.

शेअर बाजारात नसलेल्या, समजा चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीविषयी सर्वांत बोलका पुरावा भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर मिळतो. तेथे आस्थापनेचे नाव शोधल्यावर कोणत्या महिन्याच्या वेतनावरील वर्गणी कोणत्या तारखेला जमा झाली आणि ती किती कर्मचाऱ्यांची होती, हे पाहता येते. वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे ती सातत्याने दोन-दोन महिने उशिरा भरली जात असेल, तर पगारही वेळेवर होत नसावेत अशी शंका घेण्यास जागा राहते. आणि वर्षभरात कर्मचाऱ्यांची संख्या १८० वरून ११० वर आलेली असताना ‘विस्तारामुळे भरती’ अशी जाहिरात येत असेल, तर ही भरती सोडून गेलेल्यांच्या जागी आहे का, हे मुलाखतीत विचारणे उमेदवाराच्या हक्काचे आहे. मात्र कंत्राटी कामगारांची वर्गणी पुष्कळदा कंत्राटदाराच्या स्वतंत्र संकेतांकाखाली भरली जाते, त्यामुळे घटलेली संख्या म्हणजे नेहमीच घटलेले काम असे नव्हे. कायम जागा कंत्राटाकडे वळवल्या जात असण्याचीही ती खूण असू शकते, आणि नव्या उमेदवाराच्या दृष्टीने ते जाणून घेणे अधिक महत्त्वाचे.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्क भरून ताळेबंद व त्याला जोडलेला लेखापरीक्षकाचा अहवाल पाहता येतो. ज्या कंपन्यांना २०२० चा लेखापरीक्षण अहवालविषयक आदेश लागू आहे (अगदी लहान खासगी कंपन्यांना तो लागू नाही), त्यांच्या लेखापरीक्षकाला वैधानिक देणी, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा, कर इत्यादी, सहा महिन्यांहून अधिक थकली आहेत का, हे नोंदवावे लागते. नफ्याच्या आकड्यांपेक्षा हे एक कलम आधी वाचावे.

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदलेल्या कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा अहवाल सक्तीचा आहे, आणि त्यात कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचा तीन वर्षांचा दर तसेच स्त्री व पुरुष कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन (चढत्या क्रमाने लावल्यास नेमके मधोमध येणारे) दिलेले असते. अर्थात, हा दर एकाच उद्योगातील दोन-तीन कंपन्यांशी ताडून पाहावा. माहिती तंत्रज्ञानातील गळतीची पोलाद कारखान्यातील गळतीशी तुलना करण्यात अर्थ नाही.

उद्योगाची नाडी जोखण्यासाठी क्रिसिल, इक्रा यांसारख्या संस्थांची पतमानांकन टिपणे उपयोगी पडतात. कर्ज फेडण्याची कंपनीची क्षमता ठरवताना त्या कच्च्या मालाच्या किमती, स्पर्धा, येणी वसूल होण्यास लागणारे दिवस यांची चर्चा करतात, आणि विक्रीचा मोठा हिस्सा एक-दोन ग्राहकांवर अवलंबून असल्यास तेही सहसा नोंदवतात. चाकणच्या त्या कंपनीत रुजू होणाऱ्याने तो ग्राहक कोण आणि त्याच्या कोणत्या वाहनाला हे भाग लागतात, एवढे तरी शोधावे, कारण त्या वाहनाची मागणी ओसरली की पाळ्या आधी पुरवठादाराकडे कमी होतात.