अतिसूक्ष्म औषधांचे भय आणि रुग्णाच्या होकाराचे मोल

आजारी माणसाच्या रक्तात अतिसूक्ष्म यंत्रे सोडली जातात, ती आपल्या निर्मात्यालाच जुमानेनाशी होतात आणि बरे करण्यासाठी आलेले विज्ञान माणसाच्या जिवावर उठते, अशा कथानकाच्या कादंबऱ्या व चित्रपट गेल्या काही दशकांत पुष्कळ निघाले. १९६६ सालच्या ‘फँटॅस्टिक व्हॉयेज’ या चित्रपटात डॉक्टरांची एक तुकडी पाणबुडीसह सूक्ष्म रूप धारण करून रुग्णाच्या शरीरात शिरते. मायकल क्रायटन यांच्या २००२ सालच्या ‘प्रे’ या कादंबरीत रक्तवाहिन्यांतून फिरणाऱ्या सूक्ष्म कॅमेऱ्याचे स्वप्न दाखविणारी एक कंपनी यंत्रकणांचा असा थवा निर्माण करते, की तो माणसांचीच शिकार करू लागतो. आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळी आता असे चित्रपट मोबाईलवर पाहतात. करोनाच्या साथीत लसीबरोबर शरीरात चिप टोचली जाते अशी अफवा पसरली, तिच्या मुळाशीही हेच भय होते. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. या कथांमधील भय अगदीच निराधार नाही. परंतु धोका त्या कणात जितका आहे, त्याहून कितीतरी अधिक माणसाला पुरते न सांगता, न विचारता त्याच्या शरीरावर हात टाकणाऱ्या वृत्तीत आहे. हे समजून घेण्यासाठी आपल्याला स्वीडनमधील स्टॉकहोम शहरात जावे लागेल आणि तेथून आपल्या बीड जिल्ह्यातही परत यावे लागेल.

नॅनो म्हणजे काय?

एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते. रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७ हजार नॅनोमीटर रुंद असते, तर करोनाचा विषाणू जेमतेम १०० नॅनोमीटरचा. या मापाच्या वस्तू घडविणे व वापरणे याला नॅनो तंत्रज्ञान म्हणतात.

या कल्पनेचा उगम बहुधा २९ डिसेंबर १९५९ या दिवशी अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियात दिलेल्या व्याख्यानात सांगितला जातो. रुग्णाने आपला शल्यविशारदच गिळून टाकावा आणि त्या सूक्ष्म यंत्राने आत जाऊन हृदयाची दुरुस्ती करावी, ही मौजेची कल्पना त्यांनी त्या वेळी मांडली. पुढे १९८६ साली एरिक ड्रेक्सलर यांनी स्वतःसारखीच दुसरी यंत्रे तयार करीत सुटणाऱ्या सूक्ष्म यंत्रांचा धोका आपल्या पुस्तकात वर्णिला. कादंबरीकारांना तेथून खाद्य मिळाले. मात्र अशा स्वयंप्रसवी यंत्रांची या तंत्रज्ञानाला गरजच नाही, असे खुद्द ड्रेक्सलर यांनीच २००४ साली लिहिले.

आज रुग्णालयांत जी नॅनो औषधे प्रत्यक्ष दिली जातात, ती यंत्रे नव्हेतच. ती बहुतांशी औषधाची अतिसूक्ष्म पुडी असते. स्निग्ध पदार्थाच्या पातळ वेष्टनात औषध बांधले जाते, म्हणजे ते वाटेतच सांडत नाही आणि निरोगी अवयवांना कमी इजा करते. कर्करोगावरील असे पहिले औषध अमेरिकेत १९९५ साली मान्य झाले. आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण म्हणजे २०२१ सालचा म्युकरमायकोसिस, अर्थात काळी बुरशी. त्या उन्हाळ्यात ज्या ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन बी’ इंजेक्शनासाठी महाराष्ट्रभर रुग्णांचे नातलग वणवण फिरत होते, ते याच जातीचे औषध होते. साधे अँफोटेरिसिन बुरशी मारते, पण मूत्रपिंडांवर घाला घालते. स्निग्ध वेष्टनात बांधलेले तेच औषध मूत्रपिंडांना पुष्कळ कमी अपाय करते. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या करोनावरील एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. तिचाही कार्यभाग अशाच स्निग्ध कणांवर चालतो. या कणांत इंजिन नाही, बुद्धी नाही, आणि आपली संख्या वाढविण्याची शक्तीही नाही.

याचा अर्थ ही औषधे निर्धोक आहेत असा नव्हे. रक्तक्षयावर शिरेतून देण्यात येणारे, लोहाच्या नॅनो कणांचे एक औषध अमेरिकेत २००९ साली मान्य झाले. त्याने काहींना तीव्र ॲलर्जी झाली. पाच वर्षांत अशा ७९ गंभीर घटनांची नोंद झाली व त्यांतील १८ रुग्ण दगावले. तेव्हा मार्च २०१५ मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्या औषधावर सर्वांत कडक इशारा छापण्यास लावले. धोका मोजला गेला, लोकांसमोर मांडला गेला आणि वापराचे नियम बदलले. विज्ञान प्रामाणिकपणे चालते तेव्हा असे घडते.

स्टॉकहोममध्ये काय घडले?

परंतु ते प्रामाणिकपणे चालले नाही तर काय होते, याचे उदाहरण कोणत्याही कादंबरीस लाजवील असे आहे. जून २०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या नामांकित शल्यविशारदांनी एका तरुण विद्यार्थ्याच्या गळ्यात कृत्रिम श्वासनलिका बसविली. ती नॅनो संमिश्र प्लास्टिकची होती व लंडन येथे बनविलेली होती. तिच्यावर रुग्णाच्याच मूळपेशी लावल्या होत्या. काही काळाने हे प्लास्टिक जिवंत श्वासनलिकेसारखे होईल, असा दावा होता. जगभर जयजयकार झाला. ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात यशाचा वृत्तांत छापून आला.

प्रत्यक्षात ती नलिका कधीच जिवंत झाली नाही. माणसावर वापरण्यापूर्वी प्राण्यांवर तिची पुरेशी परीक्षाच झाली नव्हती. तो विद्यार्थी जानेवारी २०१४ मध्ये मरण पावला. स्टॉकहोममध्ये अशी नलिका बसविलेले तिन्ही रुग्ण अखेरीस दगावले. त्याच रुग्णालयातील चार डॉक्टरांनी २०१४ साली धैर्याने तक्रार केली. आरंभी त्यांचे ऐकले गेले नाही. २०१५ साली संस्थेने मॅकियारिनी यांना निर्दोष ठरविले. २०१६ साली स्वीडिश दूरचित्रवाणीने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले, तेव्हा संस्थेच्या कुलगुरूंना पायउतार व्हावे लागले. २०१८ साली ‘लॅन्सेट’ने ते लेख मागे घेतले. जून २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने तीन रुग्णांवरील गंभीर इजेबद्दल मॅकियारिनी यांना अडीच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. ही शस्त्रक्रिया केली नसती तर हे रुग्ण आणखी काही काळ जगू शकले असते, असे न्यायालयाचे मत होते. याच गृहस्थांनी आपण परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस यांचे खासगी डॉक्टर असल्याचीही बतावणी केली होती आणि व्हॅटिकनला तिचा इन्कार करावा लागला होता.

या प्रकरणात नॅनो प्लास्टिकने बंड पुकारले नाही. ते निर्जीवच होते. चूक माणसाची होती. कीर्तीची हाव, प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प करणारी संस्था, आणि रुग्णाला खरे न सांगता घेतलेली सही, या तीन गोष्टींनी मिळून हा अनर्थ घडविला.

आणि बीडमध्ये?

स्टॉकहोम दूर आहे, असे वाटणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्याकडे पाहावे. येथे नॅनो तंत्रज्ञान नव्हते आणि प्रयोगही नव्हता. गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया ही जुनी, परिचित, योग्य कारणासाठी जीव वाचविणारी. तरीही २०१९ साली बीड जिल्ह्याचे नाव देशभर गाजले ते याच शस्त्रक्रियेमुळे. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले, की तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत चाळिशी न गाठलेल्या अनेक होत्या.

या सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यामागची परिस्थिती आपण सारे जाणतो. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून धरलेला एक कोयता, एक दिवस चुकला तर कापला जाणारा खाडा, फडात ना शौचालय ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले, तर ती नाही कशी म्हणणार? तिचा अंगठा कागदावर उमटतो, पण त्या अंगठ्याला होकार म्हणता येत नाही. भीती आणि गरज यांनी मिळून तो उमटविलेला असतो.

स्टॉकहोमचा रुग्णही घाबरलेला होता, त्यालाही दुसरा मार्ग नाही असे वाटत होते. अत्याधुनिक तंत्र असो वा जुनी शस्त्रक्रिया, दोन्हीकडे हरवले ते एकच: माणसाचा जाणता, मोकळा होकार.

ख्रिस्तसभेची शिकवण

याविषयी ख्रिस्तसभा नव्याने बोलते आहे असे नाही. सप्टेंबर १९५२ मध्ये पोप बारावे पायस यांनी वैद्यकीय संशोधकांपुढे केलेल्या भाषणात स्पष्ट केले, की विज्ञानाचे हित कितीही मोठे असले, तरी डॉक्टरला रुग्णावर तेवढाच अधिकार आहे, जेवढा रुग्ण त्याला देतो. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २२९५ वा परिच्छेद मानवी प्रयोगांना सरसकट विरोध करीत नाही. मात्र प्रमाणाबाहेरचा अथवा टाळता येण्याजोगा धोका तो अमान्य करतो, आणि जाणती संमती नसेल तर प्रयोग माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही, असे सांगतो. करोना लशींविषयी २१ डिसेंबर २०२० रोजी व्हॅटिकनने जे टिपण प्रसिद्ध केले, त्यात या लशी घेण्यास नैतिक हरकत नाही असे म्हटले होते. त्याचबरोबर लसीकरण ऐच्छिक असावे, असेही सांगितले होते.

या शिकवणीचा पाया शुभवर्तमानात आहे. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय प्रभूला हाका मारीत होता. त्याला काय हवे ते उघड दिसत होते. तरीही प्रभू येशूने त्याला आधी विचारले, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसालाही त्याने बरे होण्याची इच्छा आहे का, असे विचारले. एवढेच काय, आपल्या तारणाचे कार्यही परमेश्वराने पवित्र मरियेच्या होकाराविना आरंभिले नाही. जो सर्वसमर्थ आहे, तोही माणसाला विचारतो. मग डॉक्टर, संशोधक वा कंपनी यांना न विचारण्याची मुभा कोणी दिली?

आपण काय करावे?

आपल्या देशात कायदा आता बराच सावध झाला आहे. २००९ पासून औषधांच्या प्रत्येक मानवी चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. २०१९ च्या नव्या नियमांनुसार चाचणीस नीतिसमितीची मान्यता लागते. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते आणि वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई मिळण्याचा हक्क आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॅनो औषधांच्या परीक्षणासाठी केंद्र सरकारने स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रेही प्रसिद्ध केली.

तथापि कागदावरचा कायदा रुग्णाच्या खाटेपाशी आपोआप येत नाही. तो आपणच न्यावा लागतो. म्हणून सही वा अंगठा देण्यापूर्वी प्रत्येकाने विचारावे: हा नेहमीचा उपचार आहे की चाचणी? हा केला नाही तर काय होईल? दुसरा मार्ग कोणता? धोके कोणते? मी नाही म्हटले तर माझे बाकीचे उपचार चालू राहतील ना? तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, सरकारी रुग्णालयात दाखवावे, कागदाची प्रत मागून घ्यावी. ज्यांना वाचता येत नाही, अशांबरोबर धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी, सिस्टरांनी व महिला मंडळाच्या भगिनींनी दवाखान्यात जावे. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांची ही सेवा प्रत्येक धर्मग्रामाने या वर्षी हाती घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

विज्ञानाला भिण्याचे कारण नाही. काळ्या बुरशीतून अनेकांचे प्राण त्या अतिसूक्ष्म पुडीनेच वाचविले, आणि त्याबद्दल आपण देवाचे आभारच मानले पाहिजेत. परंतु ज्या देहाला परमेश्वराने आपल्या प्रतिरूपाची प्रतिष्ठा दिली, त्या देहाचा धनी विचारल्याशिवाय त्यावर कोणी हात ठेवू नये. मग तो हात नॅनो कणाचा असो, नाही तर शस्त्राचा.