वीस वर्षांचे पुरातन देवालय

तेराशे वर्षांची परंपरा सांगणारे देवालय तितकेच जीर्ण दिसावयास हवे, अशी समजूत बाळगून आम्ही जपानातील इसे क्षेत्री गेलो. काळवंडलेला पाषाण आणि झिजलेल्या पायऱ्या हीच आमच्या लेखी पुरातनत्वाची खूण! ती समजूत तेथे टिकली नाही.

उजी पूल ओलांडून, इसुझू नदीत हात धुऊन, प्रचंड वृक्षांच्या छायेतून आम्ही सूर्यदेवता अमातेरासू हिच्या अंतर्मंदिरापाशी पोहोचलो. पायऱ्या चढून पाहतो तो समोर एक शुभ्र पडदा. भाविकाने येथूनच दोनदा लवावे, दोन टाळ्या वाजवाव्यात, पुन्हा एकदा लवावे आणि परतावे. देवतेचे प्रतीक असलेला पवित्र आरसा यात्रेकरूच्या दृष्टीस कधीच पडत नाही. मुखदर्शनाची सवय जडलेल्या आम्हांला चुटपुट लागली, हे कबूल केले पाहिजे.

खरे दर्शन घडले ते शेजारच्या मोकळ्या जागेत. गोट्यांनी आच्छादलेल्या तेवढ्याच आकाराच्या त्या भूमीवर हिनोकी वृक्षाच्या नव्या लाकडाचे, गवती छपराचे हुबेहूब तसेच देवालय दर वीस वर्षांनी उभारतात. मग रात्रीच्या अंधारात देवता तेथे नेली जाते आणि जुनी वास्तू उतरविली जाते. सम्राज्ञी जितो हिच्या काळी, इ. स. ६९० मध्ये, हे प्रथम घडले. बासष्टावे स्थलांतर २०१३ साली झाले. पुढचे २०३३ साली व्हावयाचे आहे. तरुणपणी शिकलेला सुतार पुढच्या खेपेस स्वतः काम करतो, त्यापुढच्या खेपेस शिकवतो. वास्तू नवी, विद्या मात्र जुनी!

ही साखळी तुटलीही होती. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत १२० वर्षांहून अधिक काळ स्थलांतर झालेच नाही. म्हणजे पाहिलेले, केलेले एकही माणूस हयात उरले नसणार. विशेष हे, की शिंतो देवतेच्या या कार्यासाठी वर्गणी जमविली ती केइकोइन मठातील बौद्ध भिक्षुणींनी. आणि १५६३ साली बाह्यमंदिराचे, १५८५ साली अंतर्मंदिराचे स्थलांतर पुन्हा झाले.

आजची चिंता लाकडाची. एवढे थोर वृक्ष आणावयाचे कोठून? म्हणून १९२० च्या दशकात क्षेत्राच्या स्वतःच्या वनात दोनशे वर्षांच्या हिशेबाने हिनोकीची लागवड सुरू झाली. लावणाऱ्यांपैकी कोणीही तो खांब झालेला पाहणार नव्हता.

परतताना उजी पुलाच्या टोकाशी असलेल्या लाकडी तोरणाखाली आम्ही थांबलो. त्याचे खांब पूर्वीच्या देवालयाचेच. येथली वीस वर्षे भरली, की ते आणखी दूरच्या वेशीवर उभे राहावयाचे.