फुलबाग शिकागोची, हिशेब अखेरच्या दवाचा

पॅन्झी, स्नॅपड्रॅगन, स्वीट पी ही महाराष्ट्रात हिवाळ्याची फुले. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचे बी पेरण्याचा प्रघात आहे. शिकागो परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र हा क्रम बदलावा लागतो. तेथे हिवाळ्यात जमीनच गोठते. त्यामुळे ही फुले मुख्यतः वसंतात फुलवावी लागतात आणि त्यांची लागवड ‘फ्रॉस्ट डेट’वरून, म्हणजे दव गोठण्याच्या तारखेवरून ठरते.

अशा तारखा दोन : वसंतातील अखेरच्या गोठलेल्या दवाची आणि शरदातील पहिल्याची. मिशिगन सरोवराच्या सान्निध्यामुळे किनाऱ्यालगत थंडीची धार थोडी बोथट असते. पश्चिमेकडील उपनगरांत मात्र मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दव गोठण्याची भीती राहते. म्हणून आपल्या गावाची तारीख पाहावी, महानगराची नव्हे.

ही तारीख तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेली असते. ती अभयवचन नव्हे. मधली तारीख घेतली, तर साधारण निम्म्या वर्षी तिच्यानंतरही दव गोठते. शिवाय हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असतो. निरभ्र, निर्वात रात्री जमिनीलगतची हवा त्याहून थंड होते आणि सखल भागात साचते. म्हणूनच अंदाज २-३ अंश सेल्सिअसचा असूनही सकाळी पानांवर पांढरा थर दिसू शकतो.

थंडी सोसणाऱ्या फुलांसाठी या तारखेपासून मागे मोजावे. पॅन्झीचे बी १० ते १२ आठवडे आधी घरातच, अंधारात रुजवावे. रोपे तीन-चार आठवडे आधी बाहेर लावता येतात. हलके दव त्यांना मारत नाही. त्यापूर्वी आठ-दहा दिवस रोपे रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवून सरावू द्यावीत. स्वीट पीचे बी रात्रभर भिजवून थेट जमिनीत पेरावे. त्याआधी मूठभर माती दाबून पाहावी. ओला गोळा तसाच राहिला, तर आणखी काही दिवस थांबणे बरे.

झेंडूसाठी मात्र पुढे मोजावे. एप्रिलमधील चार उबदार दिवसांना भुलून लावलेला झेंडू एका रात्रीत काळवंडतो. मेच्या मध्यापर्यंत धीर धरणेच हिताचे.

या हिशेबाची खरी कसोटी दसऱ्याला लागते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, तर २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला. उपनगरांत ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास पहिले दव गोठते. उशिराच्या दसऱ्याला अंगणातल्या झेंडूचे तोरण मिळेलच, याची शाश्वती नसते. अशा रात्री झाडांवर संध्याकाळीच जुनी सुती साडी किंवा चादर पांघरावी आणि सकाळी काढावी. शेवंती मात्र हलके दव सोसते. उन्हाळा सरताना तिच्या चार कुंड्या आणून ठेवल्या, तर झेंडू गेला तरी दाराशी सणाचा पिवळा रंग उरतो.