दुसरी नोकरी सोडताना

मागच्या भागात आपण पेन्शन विकण्याबद्दल, म्हणजे कम्युटेशनबद्दल बोललो. आज त्याच धाग्यानं पुढं जाऊ, पण विषय जरा घरगुती आहे. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी एक नोकरी धरली आणि सव्वाचार वर्षांनी सोडली. का धरली, का सोडली आणि सोडण्याआधी हिशेब कसा मांडला, ते सांगतो.

आधी वयाचं बघा. फौजेत हुद्द्याप्रमाणे निवृत्तीचं वय ठरतं. कर्नल ५४ व्या वर्षी घरी येतो, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८. जवान तर बहुधा चाळिशीच्या आसपासच मोकळा होतो. मुलं शाळेत असतात, त्याला दुसरी नोकरी करावीच लागते. 'घरच्यांना वेळ द्या' असा उपदेश त्याला कुणी करू नये. मीही करत नाही. आजचं बोलणं माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांचं घर पेन्शनवर चालू शकतं आणि तरीही पाय कंपनीच्या दाराकडेच वळतात.

मी २०१४ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झालो. घर महूला. इंदूरजवळची ही छावणी, इथं निवृत्त फौजी पावलोपावली भेटतात आणि मराठी बोलणारेही कमी नाहीत. मी निम्मी पेन्शन विकली होती. फौजेत ५० टक्क्यांपर्यंत विकता येते आणि तो कापलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळत राहतो, तेवढा आधार. आलेली एकरकमी रक्कम घरात गेली, तरी थोडं कर्ज उरलं. मुलीचं लग्न व्हायचं होतं. तेव्हा २०१५ च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका कंपनीत प्रशासन आणि सुरक्षा बघायला गेलो. पत्नी आणि आई महूला राहिल्या.

कर्ज दोन वर्षांत फिटलं. २०१७ मध्ये लग्नही झालं. म्हणजे ज्या दोन कारणांसाठी गेलो ती दोन्ही संपली. तरी आणखी दोन वर्षं मी तिथंच. का? खरं सांगतो, व्हिजिटिंग कार्डासाठी. सकाळी दारात गाडी यायची, गेटवरचा शिपाई सलाम करायचा. तो नसता तर मी कोण, हे मला ठाऊक नव्हतं.

२०१९ च्या फेब्रुवारीत आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मला कळलं तिसऱ्या दिवशी. फोन रोज रात्री नऊला व्हायचा, पण त्या तीन दिवसांत पत्नीनं अवाक्षर काढलं नाही. विचारलं तर म्हणाली, "तुमचं ऑडिट चाललं होतं ना. उगाच जिवाला घोर कशाला?"

फौजी घरांतल्या लोकांना हे वाक्य ओळखीचं वाटेल. नवरा फील्डमध्ये असला की घरची वाईट बातमी पत्रात लिहायची नाही, हा आमच्या बायकांचा अलिखित नियम. मुलीला टायफॉइड झाला होता, ते मला एकदा पाच आठवड्यांनी कळलं होतं. पण तेव्हा मी सीमेवर होतो. आता मी गुरुग्राममध्ये एअर कंडिशनरखाली बसून गेटपासच्या फायली बघत होतो, आणि ती तोच नियम पाळत होती.

त्या रात्री डायरी काढून मोजलं. २०१८ मध्ये मी स्वतःच्या घरी झोपलो होतो ४६ रात्री. फौजेत अधिकाऱ्याला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि २० दिवस नैमित्तिक रजा असते. दरवेळी पूर्ण मिळत नाही, फील्डमध्ये तर विचारूच नका. पण कंपनीत सगळ्या मिळून २४ रजा होत्या. म्हणजे निवृत्त होऊन मी घराला आणखी दुरावलो होतो.

मग पैशाचा हिशेब. तो असा करा. पगार पेन्शनच्या शेजारी नाही, तिच्या डोक्यावर ठेवा. प्राप्तिकराचे खालचे टप्पे पेन्शननंच भरलेले असतात, त्यामुळे तेव्हा माझ्या पगाराच्या मोठ्या भागावर सर्वांत वरच्या दरानं कर लागायचा. पगार महिना १,५०,०००. वाढीव कर सुमारे ४३,०००. तिथलं भाडं, जेवण, कामाची बाई मिळून ४१,०००. महूच्या फेऱ्या, सणासुदीची विमानाची तिकिटं धरून, १३,०००. उरले ५३,०००. ते जात होते म्युच्युअल फंडात. कुणासाठी, याचं उत्तर मला देता आलं नाही. मुलगी स्वतः कमावते.

राजीनामा दिला तेव्हा साहेब म्हणाले, "आणखी नऊ महिने थांबा, पाच वर्षं भरतील, ग्रॅच्युइटी मिळेल." बरोबर होतं त्यांचं. मूळ पगार ७०,०००, त्याला १५ नं गुणून २६ नं भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. पाच वर्षांचे होतात दोन लाखांच्या थोडे वर. नाही म्हणताना हात जड झाला, हे कबूल करतो. आई तेव्हा ८३ वर्षांची होती. जूनमध्ये घरी आलो.

आता जे कुणी सांगत नाही ते. तुम्ही वेळ मोकळा केला म्हणजे घरच्यांचा वेळ मोकळा होत नाही. पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन केलं, गॅस सिलिंडरचं रजिस्टर घातलं, बाईंच्या येण्याची वेळ बदलली. पत्नीचा मंगळवारी भजनी मंडळ, गुरुवारी शिवणवर्ग. ती निघाली की मी विचारायचो, "आजही?" एक दिवस चप्पल घालता घालता ती म्हणाली, "अहो, तुमची इथं बदली झालेली नाही. घर माझ्या हातात होतं आणि नीट चाललं होतं."

मी दोन दिवस फुरंगटून बसलो. मग तिलाच विचारलं, मी काय करू? तिनं मला तीन कामं दिली: बँक, वीजबिल आणि आईला ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये नेणं. तिसऱ्या कामानं मला सगळ्यात जास्त दिलं. नंबर येईपर्यंत दीड-दोन तास बाकावर बसायचं. आई बोलायची. माझ्या वडिलांनी पहिल्या पगारात तिला काय आणलं होतं, ते मला साठीत कळलं, त्या बाकावर. काय आणलं होतं ते इथं सांगत नाही, ती तिची गोष्ट.

आई त्यानंतर दोन वर्षं होती.

गेटचा सलाम मात्र कधीमधी आठवतो, खोटं कशाला बोलू. मंगळवारी संध्याकाळी अजूनही मी एकटाच असतो. भाजी निवडून ठेवतो. ती साडेसातला येते.